युनियन या शब्दाचा अर्थ

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी माझे चुलते, थोरले अप्पा, निरोप द्यायला उठले नाहीत. दुकानाच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसून राहिले. आमचं सामान बैलगाडीत भरलेलं होतं. ट्रंका, गाद्यांची वळकटी, तांब्याचा हंडा, आणि आईनं कुणाचंही न ऐकता घेतलेलं जातं. गाडी फाट्यापर्यंत जाणार होती, आणि तिथून औशाकडून येणारी लातूरची एसटी मिळणार होती.

दुकानासमोर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी थांबवली. ते उतरले आणि थोरल्या भावाच्या पाया पडायला वाकले. थोरल्या अप्पांनी पाय आखडून घेतले.

"येतो, अण्णा," अप्पा म्हणाले.

"येतो म्हनू नको नागू. जातो म्हन. जोड तुटला की तुटला."

अप्पा गाडीवर येऊन बसले. मोठी आई, माझी चुलती, दारातून आमच्याकडे बघत होती. तिच्या हातात माझ्यासाठी बांधलेली धपाट्यांची शिदोरी होती. नवऱ्यासमोरून येऊन ती मला द्यावी की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी ती आलीच. शिदोरी माझ्या मांडीवर ठेवली आणि कानाशी म्हणाली, "लीला, रस्त्यात खा. गार झाल्यावर चिवट लागतेत."

हे मी दोन तऱ्हेच्या माणसांसाठी लिहिते आहे. जे अजून त्या गावात आहेत त्यांच्यासाठी, कारण आम्ही का गेलो याबद्दल तिथं अजूनही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आणि जे आमच्यासारखे निघाले त्यांच्यासाठी, कारण लातूर, नांदेड, पुणे, कुठंही भेटले तरी ते एकदा तरी विचारतातच, की आपण केलं ते बरोबर केलं का. मी माझ्यापुरतं उत्तर देऊ शकते. बरोबर केलं. पण ते कळायला मला एका इंग्रजी शब्दाची मदत झाली, आणि तो शब्द मी पुस्तकातून शिकले नाही.

आम्ही लिंगायत वाणी. दोन भावांचं एक दुकान, अर्ध्या भागात किराणा, अर्ध्या भागात कापड. थोडी कोरडवाहू जमीन आणि सगळ्यांची एक चूल. थोरले अप्पा आणि मोठी आई, त्यांचा मुलगा सिद्धू, आणि आम्ही तिघं. भांडण कधी झालं नाही. पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला आणि गिऱ्हाईकच उरलं नाही. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी रोजगार हमीच्या खडीवर. दुकानात दिवसभर दोघं भाऊ समोरासमोर बसत आणि संध्याकाळी फळ्या लावत.

त्याच सुमारास लातूरचा जिल्हा झाला. त्याआधी आमच्याकडच्या माणसाला कुठलंही सरकारी काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागे. आता कचेऱ्या लातुरात येऊ लागल्या. साहेब आले, कारकून आले, त्यांना राहायला घरं पाहिजेत म्हणून माळावर नव्या वसाहती पडायला लागल्या. माझ्या आईच्या मावसभावाचं गंजगोलाईजवळ पाईप-फिटिंगचं दुकान होतं. त्याला भरवशाचा माणूस पाहिजे होता. अप्पा म्हणाले, जाऊ. थोरले अप्पा म्हणाले, दुष्काळात घर धरून राहायचं असतं, मोडायचं नसतं. दोघांचंही खरं होतं. त्यामुळे तोडगा निघाला नाही.

लातुरात आम्हाला एका खोलीत संसार मांडावा लागला. जातं मांडायला जागाच नव्हती, ते पलंगाखाली गेलं. आई काही दिवस हळूच रडायची आणि मग तिनं रडणं सोडून शेजारणीशी मैत्री केली. मी शाळेतून सुटले की दुकानात जाऊन बसायची. तिथं वेगळीच भाषा होती. एल्बो, टी, सॉकेट, निप्पल, रिड्युसर. गवंडी आणि प्लंबर येऊन ती नावं अशी घेत, जणू त्यांच्या आज्यापणज्यांपासून घरात चालत आली आहेत. मीही शिकले. कुठली वस्तू कुठल्या खणात आहे हे मला मामापेक्षा लवकर सापडू लागलं.

त्यात एक युनियन होती. एल्बोपेक्षा जड, मधोमध षटकोनी नट. मी अप्पांना विचारलं, सॉकेटनंही दोन पाईप जोडतात, मग ही कशाला. अप्पांनी ती माझ्या हातात देऊन खोलायला लावली. तिचे दोन भाग वेगळे झाले, नट तिसरा. "सॉकेट लावलं की लाईन एकसंध झाली," ते म्हणाले. "मधला पाईप काढायचा म्हनलं तर टोकापासून सगळं उकलत यावं लागतं, न्हाईतर करवत घ्यावी लागती. युनियन लावली तर नट ढिल्ला करा, पाईप काढा, काम करा, परत आवळा. कापाकापी न्हाई."

त्या वर्षी इंग्रजीच्या धड्यात हा शब्द आला. बाईंनी विचारलं, युनियन म्हणजे काय. एकानं सांगितलं, एसटी कामगारांची असते ती. बाईंनी मान हलवली, अजून कुणी. मी उभी राहून म्हणाले, "बाई, पाईपाचा जोड. खोलता येतो असा." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली आणि मलाच पुढं बोलावून वाचायला लावलं. एकत्र येणं. लग्न. राज्यांचा संघ. कामगारांची संघटना. आणि पार खाली, बारीक अक्षरात, पाईपांचा जोड. वर्गाचं हसणं थांबलं, आणि मला पुढं बरेच दिवस सगळे युनियनबाई म्हणत राहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नव्या शाळेत मला नाव मिळालं होतं.

बाईंनी फळ्यावर या शब्दाचे मराठी अर्थ लिहिले. संघ, संयोग, मीलन, एकी. मी बसल्या जागेवरून बघत होते. त्यातल्या एकाही शब्दात खोलता येण्याची गोष्ट नव्हती. आमच्याकडे जोड हा शब्द आहे, सांधा आहे, पण त्यांचं पुढचं वाक्य बहुतेक वेळा निखळला, नाहीतर तुटला असंच असतं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. एवढं सगळं शब्दांत मांडता आलं नसतं. पण थोरले अप्पा ओट्यावरून काय म्हणाले होते ते मला वर्गात आठवलं होतं, हे नक्की.

पुढच्या उन्हाळ्यात मोठी आई एकटी लातूरला आली. गुडघा दाखवायला आले, म्हणाली. आईनं चहा केला. मोठ्या आईनं पेला हातात धरला आणि पाण्याच्या माठाकडे बघत राहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"हिरीचा तळ दिसला. पार गावाचाच. टँकर यतो कधी, कधी न्हाई. बाया रातच्याला घागरी लावून ठिवतेत." मग अप्पांकडे वळून म्हणाली, "मी सांगितलं म्हनून ह्यांना कळू देऊ नका, भावजी. ते काय मागनार न्हाईत."

"पाणी कुठंच नाही का?" आईनं विचारलं.

"चाँदभाईच्या बोअरला हाय. नाल्याच्या पल्याड. ते न्या म्हनतेत, पर घागरीनं किती न्यावं."

चाँदभाईंचं शेत गावाला लागूनच होतं, फक्त मध्ये खोल नाला. अप्पांनी काही ठरवलं असेल तर ते तोंडावर दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाशी बोलून दुकानातला पडून असलेला जुना माल काढला, आणि रविवारी एका टेंपोत पाईप लादून आम्ही गावाला निघालो. मी हट्टानं सोबत गेले. फिटिंगची पोती माझ्या पायाशी होती.

टेंपो थेट चाँदभाईंच्या शेतात नेला. चाँदभाई बांधावर उभेच होते. "नागनाथ सेठ, तुम बोलो किधर से लेना, मैं गड्डा खोदता," म्हणाले आणि खरंच कुदळ घेऊन आले. हळूहळू गावातली माणसं जमली. कुणी विचारलं नाही, कुणी बोलावलं नाही. सिद्धू आला. त्यानं बापाकडं एकदा बघितलं आणि पाईपाला हात लावला. थोरले अप्पा चिंचेखाली येऊन उभे राहिले होते. धोतराचा सोगा हातात, चेहरा दगडासारखा.

दुपारपर्यंत बोअरपासून नाल्याच्या काठापर्यंत लाईन आली. पलीकडून गावातल्या टाकीपासून दुसरी लाईन आली. राहिला नाला. तो कोरडा ठणठणीत होता, तळाची वाळूसुद्धा भाजून पांढरी पडलेली. अप्पांनी मधला पाईप टाकला आणि दोन्ही काठांना युनियन लावायला घेतली. युनियन आवळायची तर नट फिरवायचे दोन पाने लागतात. एकानं एक बाजू धरून ठेवायची, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकट्यानं केलं तर अख्खा पाईपच फिरतो. सिद्धू तेव्हा टाकीकडे होता. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

थोरले अप्पा चिंचेखालून चालत खाली नाल्यात उतरले. माझ्या हातातला पाना घेतला.

"कुठं धरू?"

"हितं, अण्णा. घट्ट. हलू देऊ नका."

अप्पा नट फिरवू लागले. मग थोरले अप्पा म्हणाले, "बाकी समद्याला साधं लावलंस. हितंच हे काय लावायलास?"

"युनियन."

"युनियन." त्यांनी तो शब्द ओळखीचा असल्यासारखा उच्चारला. "आमी पोरं होतो तवा युनियन म्हनजे हिंदुस्थान. पोलीस ॲक्शन झाली तवा वडील औशाहून पळत आले होते. ओरडत होते, युनियनचं लष्कर आलं, निजाम गेला, आपन युनियनमधी गेलो. मला वाटलं आता आपल्याला गाव सोडून कुठंतरी जावं लागतंय. रडत बसलो."

"मग?"

"मग काय. हितंच होतो. घर बी तेच, गाव बी तेच." ते पुन्हा पान्याकडे बघत म्हणाले, "पर तुझ्या ह्या युनियनचं काम काय?"

"पावसाळ्यात नाला आला की मधला पाईप काढून ठेवायचा, अण्णा. न्हाईतर वाहून जाईल. पानी उतरलं की परत लावायचा."

थोरले अप्पा वाळूकडे बघत राहिले. त्या वाळूत वर्षभर पाण्याचा थेंब नव्हता.

"नाला यील म्हनतोस."

"यील की. न यायला काय झालं?"

थोरल्या अप्पांनी पान्यावरची पकड घट्ट केली. मग त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. आवाज न करता, पाना न सोडता. अप्पाही हसले. दोघं भाऊ त्या कोरड्या नाल्यात उकिडवे बसून हसत होते आणि काठावरची माणसं खाली बघत होती, काय झालं म्हणून. दुसरी युनियन थोरल्या अप्पांनी स्वतः आवळली. अप्पांनी नुसता पाना धरला.

सूर्य मावळायच्या आत टाकीत पाणी पडलं. आधी हवा खोकत आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. मोठ्या आईनं पहिली घागर भरली आणि ती चाँदभाईंच्या बायकोच्या हातात दिली.

आम्ही निघताना थोरले अप्पा टेंपोपर्यंत आले. म्हणाले, "घरी कधी येतोस परत?"

"ऱ्हायला येत न्हाई, अण्णा," अप्पा म्हणाले. "लीलाची शाळा हाय. तिकडं बस्तान बसलंय. पर येत जाईन."

थोरल्या अप्पांनी हूं केलं आणि टेंपोच्या दाराची कडी नीट बसली आहे का ते ओढून बघितलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला. मृगात नाही, आर्द्रात नाही, पार मघात. सिद्धूनं सांगितलं, ढग दिसताच थोरले अप्पा पाना घेऊन नाल्यात उतरले आणि मधला पाईप काढून स्वतःच्या खांद्यावरून घरी आणला. दोन दिवसांनी नाला दोन्ही काठ भरून वाहिला. पुढं कितीतरी वर्षं ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आमची चूल काही एक झाली नाही. दुकानही वाटून घेतलं, शांतपणे, एका बैठकीत. गावातले लोक म्हणाले, शेवटी घर फुटलंच. मला ते कधी पटलं नाही. फुटलेलं घर मी पाहिलेलं आहे, मी आता राहते त्या नांदेडला आमच्या शेजारी, एकाच छताखाली राहणाऱ्या दोन भावांचं. त्यांची चूल अजून एकच आहे आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

नांदेडला मी इंजिनिअरिंगसाठी आले, विष्णुपुरीच्या कॉलेजात. अप्पा सोडायला आले होते. होस्टेलात ट्रंक ठेवली आणि आम्ही दोघं धरणाच्या कडेला गेलो. गोदावरीचं एवढं पाणी एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं आणि अप्पांनीही नसावं. ते काठावर बसले, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "मोजून वापर," एवढंच म्हणाले जाताना. मला हसू आलं. पण मी अजूनही भांडी घासताना नळ बंद करते आणि नांदेडची माणसं मला चिडवतात.

ती माणसं बोलत वेगळं. "काय करून राहिली गं?" असं मैत्रिणी विचारायच्या, तेव्हा मला आधी वाटायचं कुणी माझी चूक पकडली. माझं "लई" आणि "हाव" त्यांना गावठी वाटायचं. वर्षभरात मी "करून राहिले" म्हणायला लागले आणि त्या "लई" म्हणायला लागल्या. गणिताच्या तासाला दोन संचांचं युनियन आलं, इंग्रजी यू अक्षरासारखी खूण. सर म्हणाले, या खुणेनं दोन्ही संच एकत्र येतात, पण कुठला घटक हरवत नाही. मला ते एका झटक्यात समजलं. वर्गात बाकीचे वहीत गोल काढत होते.

पुढं नोकरीही पाण्याचीच लागली, गावोगावच्या नळयोजनांची. लग्न देगलूरकडच्या माणसाशी झालं. तेलुगू, कानडी, मराठी तिन्ही मिसळून बोलणारं घर. लग्नात एका सहकाऱ्यानं इंग्रजी शुभेच्छांचं कार्ड दिलं, त्यावर सोनेरी अक्षरात युनियन हा शब्द होता. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कार्ड दुकानातल्या कुना गिऱ्हाईकानं दिलं का?" त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मी अर्थ सांगितला तेव्हा म्हणाले, "बरोबरच हाय की मग. दोघांनी धरल्याशिवाय आवळत न्हाई."

अप्पा गेले. थोरले अप्पा त्यांच्यामागून गेले. जाताना नागूला पाणी द्या म्हणत होते, असं सिद्धू सांगतो. आई माझ्याकडे नांदेडला असते. मोठी आई गावातच आहे आणि तिथून हलायला तयार नाही. मी दरवर्षी येळवशीला गावी जाते. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा सगळा लातूर जिल्हा शेतात जातो. घरांना कुलपं, बाजार बंद. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात, तिच्यात दगडांचे देव रंगवून बसवतात, शाल पांघरतात, आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर असं जेवण ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना देतात. नांदेडला ऑफिसात पहिल्यांदा या दिवसाची सुट्टी मागितली तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, कसली ही अमावस्या.

गेल्या वर्षी मला जाता आलं नाही. आईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिला इतका प्रवास झेपला नसता. माझी मैत्रीण सुमन अर्धापूरची, तिच्या घरच्या केळीच्या बागा आहेत. ती म्हणाली, आमच्या शेतात करू की. मी फोनवर मोठ्या आईला सांगितलं आणि विसरले. येळवशीच्या सकाळी सुमनच्या शेतात जीप येऊन उभी राहिली. टपावर कडबा बांधलेला. सिद्धू म्हणाला, "केळीत कडबा कुठून मिळनार म्हनून आमची आई रात्रभर झोपली न्हाई."

मोठी आई उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जिल्हा ओलांडला होता. तिनं ओल्या काळ्या मातीत पाऊल ठेवलं, केळीच्या पानांकडे वर बघितलं. आईजवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग कुणाला न विचारता शेताची बरी जागा तिनंच निवडली आणि कोप उभी करवली. पूजा झाल्यावर आंबिलीचं मडकं घेऊन ती शेताला वळसा घालू लागली, आंबील शिंपडत, आणि ते शब्द म्हणत जे आम्ही लहानपणापासून म्हणतो. अर्धे कानडी, अर्धे कुठले कुणास ठाऊक.

सुमन तिच्या मागं चालत होती. तिनं विचारलं, "आजी, ह्याचा अर्थ काय होतो?"

मोठी आई थांबली. विचार केला. म्हणाली, "ते मलाबी न्हाई ठाव, बाई. आमच्या सासूनं शिकविलं तसं म्हनतो. शेत तुमचं हाय, तुमी म्हना."

सुमननं म्हटलं. नांदेडच्या वळणानं, दोन शब्द चुकवून. मोठ्या आईनं एकदा पुन्हा म्हणून दाखवलं, मडकं सुमनच्या हातात दिलं आणि स्वतः तिच्या मागं चालायला लागली. सिद्धू तिच्या मागं गेला. मी आईला हाताला धरून उठवलं, आणि आम्हीही त्यांच्या मागं निघालो.